शेवटच्या तुकड्याचं वाटण

त्या घरात कुणाचा हात मोडायचाच होता तर तो धाकटीचा मोडायला हवा होता, असं घरातल्या प्रत्येकाला वाटलं. खुद्द धाकटीलाही वाटलं. तिच्या हातून रोज काहीतरी पडायचं, सांडायचं, फुटायचं. एक हात थोडे दिवस बांधून ठेवला असता तर भांड्यांना जरा विसावा मिळाला असता. पण ओल्या फरशीवरून घसरली ती थोरली, जी आयुष्यात कधी पायाखाली बघितल्याशिवाय चालली नव्हती. तिच्या उजव्या हाताला बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लास्टर चढलं, आणि डॉक्टरांनी दीड महिना त्या हाताला विसरून जायला सांगितलं.

या दोघी जावा एका घरात राहत आणि एकाच प्रयोगशाळेत काम करत. हा योगायोग म्हणावा तर तसं काही नव्हतं, ही सगळी थोरलीची करणी होती. धाकटी आधी तिच्या हाताखाली शिकायला आली. थोरलीने वर्षभर तिला पारखलं आणि मग आपल्या दिरासाठी पसंत केलं. त्या वर्षात धाकटीने काचेच्या नळ्या फोडण्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे हे पारखणं नेमकं कशावर झालं ते कुणालाच कळलं नाही. थोरलीला विचारलं की ती म्हणायची, मुलगी मनाने निर्मळ आहे, हात काय, वळण लावलं की लागतं. तेव्हापासून ती वळण लावत होती. घरी दूध कधी उतरवायचं ते थोरली सांगायची आणि कामावर पिपेट, म्हणजे थेंब मोजून उचलायची नळी, कशी धरायची तेही थोरलीच सांगायची. धाकटीला ते जाचायचं नाही असं नाही, पण थोरली चुकायची नाही, त्यामुळे रागवायला जागाच मिळायची नाही.

आता प्रश्न कासवाचा होता.

प्राणिसंग्रहालयातलं एक अतिशय म्हातारं कासव चार वर्षांपूर्वी झोपेत गेलं. त्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या सगळ्यात जुन्या रखवालदाराच्या लहानपणीही ते म्हातारंच होतं. संग्रहालयाच्या डॉक्टरांनी त्याच्या यकृताचे काही तुकडे बर्फात घालून थोरलीकडे पाठवले, कारण थोरली आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे लागली होती: काही प्राण्यांच्या पेशींना गंज चढत नाही, तो का? त्या पेशींत एक एंझाइम असतं, गंज पुसून काढणारं. ते कासवात किती आहे, हे मोजायचं होतं.

मोजणं सोपं होतं, त्याआधीचं काम अवघड. तुकडा बर्फात ठेवलेल्या काचेच्या छोट्या नळीत घालायचा, त्यात बफर म्हणजे मोजूनमापून केलेलं खारट पाणी ओतायचं, आणि काचेच्याच दांड्याने तो वाटायचा. पुस्तकात या प्रकाराला होमोजिनेट म्हणतात. या प्रयोगशाळेत सगळे वाटण म्हणत. मग ते वाटण बारीक फिल्टरमधून गाळायचं, म्हणजे चोथा वर राहतो आणि मोजण्याजोगा स्वच्छ द्रव खाली येतो. आणि इथेच सगळं बोंबलायचं. वर जेवढं ओतावं तेवढं खाली कधीच यायचं नाही. काही फिल्टर प्यायचा, काही नळीच्या भिंतींना चिकटायचं, आणि काही कुठे जायचं ते त्या कासवालाच माहीत.

एका वाटणातून तीनदा मोजता आलं तरच तो आकडा छापायचा, असा विभागाच्या सरांचा नियम होता आणि तो रास्त होता. थोरलीने बाकीच्या तुकड्यांवर दुसरी कामं उरकली होती. या मोजणीसाठी राखलेल्या तीन तुकड्यांपैकी दोन वाया गेले होते. दोन्ही वेळा दोन मोजण्या झाल्या आणि तिसरीला द्रव पुरला नाही, अगदी थोडक्यासाठी. आता फ्रीझरमध्ये उरला होता वाटाण्याएवढा एक तुकडा. तसं कासव पुन्हा मिळणार नव्हतं. हा तुकडाही अपुरा पडला की थोरलीचं चार वर्षांचं काम कपाटात जाणार होतं, आणि सर महिनाअखेरीस फ्रीझरचा तो कप्पा दुसऱ्या कुणाला देणार होते. आणि थोरलीचा उजवा हात गळ्यात अडकवलेला.

तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी धाकटीकडे न बघता ती म्हणाली की तू करशील.

धाकटीने हातातला कप आधी खाली ठेवला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. थोरलीच्या नवऱ्याने वर्तमानपत्र वर केलं आणि धाकट्याने, म्हणजे तिच्या स्वतःच्या नवऱ्याने, दुसरं कुणीच नाही का असं विचारून त्या दिवसापुरतं आपलं जेवण बेचव करून घेतलं. दुसरं कुणी नव्हतंच. प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांनी कासवाला हात लावायला केव्हाच नकार दिला होता. अपयशाचं खापर कुणाला डोक्यावर हवं असतं? धाकटी हो म्हणाली. तिला भीती वाटत होती आणि त्याच वेळी आत कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या, कारण आजवर थोरलीने तिच्या हातात स्वतःचं असं काहीच दिलं नव्हतं.

सरावासाठी बाजारातून कोंबडीची यकृतं आणली. पहिल्या दिवशी धाकटीने असा काही जोर लावून वाटलं की नळीत नुसता फेस झाला. फेस वरपर्यंत चढला, भिंतींना बसला, आणि गाळायला खाली जवळजवळ काही उरलंच नाही. मग थोरलीने डाव्या हाताने धाकटीचं मनगट धरलं आणि तिच्याच हाताने दांडा फिरवून दाखवला: सावकाश, थोडा वर, थोडा खाली, द्रवाच्या बाहेर दांडा येऊच द्यायचा नाही, म्हणजे हवा आत शिरत नाही आणि फेस होत नाही. धाकटीला ते जमायला वेळ लागला, पण जमलं. फेस गेला. तरी गाळल्यावर द्रव कमीच.

सासूबाईंनी रात्री जेवताना सल्ला दिला की फडक्यात घालून पिळा. आम्ही जन्मभर पिळत आलो, कधी काही वाया गेलं नाही. थोरलीने त्यांना समजावलं की आई, पिळलं की चोथाही येतो, आणि त्या फडक्यातच कासवाचा निम्मा जीव राहील. सासूबाई म्हणाल्या, मग तुमची शाळा कसली.

धाकटीचा स्वतःच्या हातांवर विश्वास नव्हता, आणि म्हणूनच असेल, तिचा काट्यावर फार विश्वास होता. हात खोटं बोलतात, असं तिला लहानपणापासून वाटे. आपण हळू ठेवलं असं वाटतं आणि बशी फुटलेली असते. दुसऱ्या दिवशी तिने गाळण्याचा नाद सोडला आणि सगळं तोलायला घेतलं. कोरी नळी तोलली, वाटणासकट तोलली, ओतून रिकामी झाल्यावर तोलली. कोरा फिल्टर तोलला, गाळून झाल्यावर तोलला. पिपेटची टोकं तोलली. थोरली शेजारच्या स्टुलावर बसून बघत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या, कारण चार वर्षांत तिने हे केलं नव्हतं. ती इतकी जपून काम करायची की सांडतंय कुठे हे शोधायची गरज आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

चोर सापडले. सगळ्यात मोठा चोर फिल्टर स्वतः होता. थोरली वापरायची तो फिल्टर मोठा, रुंद, भरवशाचा. पण एवढ्याशा वाटणाला तो म्हणजे चमचाभर पाण्याला घागर. कोरडा असल्यामुळे आधी तोच आपली तहान भागवून घ्यायचा. दुसरा चोर वाटायची नळी. ओतल्यावरही तिच्या भिंतींना बराच द्रव चिकटून राहायचा. बाकी चिल्लर चोर होते.

धाकटीने एकेकाचा बंदोबस्त सुरू केला. रुंद फिल्टरच्या जागी करंगळीच्या नखाएवढा छोटा फिल्टर घेतला, तोही असा की नळीत बसवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवता येईल. यंत्र गरागरा फिरलं की द्रव आपसूक खाली उतरतो, ढकलावा लागत नाही. वाटण घालण्याआधी फिल्टरला साधं बफर पाजायचं आणि फिरवून जास्तीचं काढून टाकायचं, म्हणजे त्याची तहान आधीच भागलेली. राहिली वाटायची नळी. ती विसळून घ्यायची.

इथे थोरली उठून उभी राहिली. विसळायचं म्हणजे वरून पाणी घालायचं, आणि पाणी घातलं की द्रव पातळ होणार. पातळ द्रव वाढवून तीन मोजण्या करायच्या तर नळाखालीच धरा की, असं ती म्हणाली. शिवाय फिल्टरमध्ये राहिलेलं बफर वाटणात मिसळणार ते वेगळंच. आणि पद्धत बदलली तर आधीच्या प्राण्यांचे आकडे या आकड्याशी कसे ताडून बघायचे? हे सगळे आक्षेप बरोबर होते. थोरलीचे आक्षेप बरोबरच असायचे.

धाकटी त्या दिवशी तोंड पाडून घरी आली. स्वयंपाकघरात सासूबाई पीठ भिजवत होत्या. पेल्यात पाणी मोजून घेतलं होतं, त्यातलं थोडं त्यांनी बाजूला राखलं होतं, आणि परात पुसून घेताना तेच राखलेलं पाणी वापरलं. धाकटी दारात उभी राहून ते बघत होती. सासूबाईंनी काहीच सांगितलं नव्हतं. त्या तर रेडिओ ऐकत होत्या. पण धाकटीला तिचं उत्तर मिळालं. वरून पाणी घालायचंच नाही. जेवढं बफर वाटायला घालायचं ठरलंय, त्यातलंच थोडं आधी बाजूला ठेवायचं आणि त्याच्यानेच नळी विसळायची. फिल्टर जेवढं बफर धरून ठेवतो तेवढंही तोलून त्यातून वजा करायचं. एकूण तेवढंच राहतं, पातळ काही होत नाही.

आणि आकडे ताडून बघण्याचं काय, तर एकाच कोंबडीच्या यकृताचे दोन भाग केले, एक थोरलीच्या पद्धतीने, एक नव्या. दोन्हीकडे एंझाइमचं प्रमाण तेच निघालं, फरक एवढाच की नव्या पद्धतीत द्रव भरपूर उरला. थोरलीने आकडे दोनदा तपासले, मग तिसऱ्यांदा तपासले. मग म्हणाली, "उद्या कासव काढू." एवढंच. पण संध्याकाळी परतताना तिने धाकटीची पिशवी स्वतःच्या डाव्या खांद्यावर घेतली, जे तिने आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कासवाचा तुकडा बाहेर आला. धाकटीने श्वास रोखून तो वाटला, सावकाश, थोडा वर, थोडा खाली, फेसाचा एक बुडबुडा नाही. छोट्या फिल्टरला बफर पाजलं, वाटण घातलं, झाकण लावलं, सेंट्रिफ्यूज सुरू केलं. यंत्र थांबल्यावर दोघींनी नळी उजेडात धरली.

खाली जेमतेम तळ ओला झाला होता. सगळं वाटण फिल्टरच्या वर तसंच्या तसं बसलं होतं, काळसर, तेलकट, ढिम्म.

कोंबडीने दगा दिला होता. कोंबडीचं यकृत कोवळं आणि साधं. या म्हाताऱ्या कासवाचं चरबट, काळ्या रंगाच्या कणांनी भरलेलं. छोट्या फिल्टरची भोकं त्या कणांनी पहिल्या झटक्यातच बुजली होती. थोरलीचा तो घागरीएवढा फिल्टर प्यायचा खूप, पण तुंबायचा नाही, आणि थोरलीने तो का निवडला होता हे धाकटीला आत्ता कळलं. हे तिने केलं होतं, तिच्या हुशारीने.

आणि तेवढ्यात थोरली म्हणाली, "दाब."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. थोरलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने डाव्या हाताने खणातून इंजेक्शनची रिकामी सिरिंज काढून पुढे केली होती. सिरिंजने वरून हवा दाबायची, म्हणजे द्रव झक मारत खाली जातो. हेच धाकटीने शिकाऊ असताना एकदा केलं होतं तेव्हा फिल्टर फाटून सगळा चोथा खाली उतरला होता, आणि थोरलीने पुढचे कितीतरी दिवस तिला सिरिंजला हात लावू दिला नव्हता. आज तीच थोरली सिरिंज पुढे करत होती.

"नाही ताई," धाकटी म्हणाली.

"खाली येईल तेवढं तरी येईल. दाब, मी सांगते ना."

"नाही. फाटेल." तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही, इतका तो शांत होता. "वरचं वरच आहे. गेलं काहीच नाही अजून. तुम्ही बसा."

थोरली बसली. तिला कुणी बस म्हटलं आणि ती बसली, असं त्या प्रयोगशाळेने पहिल्यांदाच पाहिलं.

धाकटी खरोखरच शांत झाली होती, आणि का ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. थोरली घाबरली म्हणजे आता घाबरायची जागा भरली आहे, आपल्याला वेगळं काहीतरी करायला हवं, असं काहीसं झालं असावं. तिने पिपेटने फिल्टरवरचं सगळं वाटण हळूच परत उचललं आणि थंड केलेल्या नव्या नळीत घातलं. गाळायचं नंतर, आधी चोथ्याला बसू द्यायचं. ती नळी नुसतीच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, फिल्टरशिवाय. काळे कण तळाला घट्ट बसले, वर चरबीचा पातळ पापुद्रा आला आणि मध्ये चहासारखा स्वच्छ द्रव. हा द्रव तुंबण्यातला नव्हता, आणि वगळला होता तो चोथा फिल्टरने नाहीतरी अडवलाच असता, म्हणजे आकडा बदलायचा नाही.

"दुसरा फिल्टर भिजवून द्याल?" तिने विचारलं.

थोरलीने डाव्या हाताने पिपेट घेतली. पहिल्यांदा टोक फिल्टरच्या बाहेर गेलं, दुसऱ्यांदा काठावर आपटलं. तिला असं चाचपडताना धाकटीने कधीच पाहिलं नव्हतं, आणि तिच्या मनात आलं की माझे हात बघताना हिला रोज असंच होत असेल. हसूही आलं आणि जीवही तुटला. तिने मदत केली नाही, वाट बघितली. तिसऱ्यांदा बफर फिल्टरवर नीट पडलं.

मधला द्रव पापुद्रा टाळून उचलला, भिजलेल्या फिल्टरवर घातला, फिरवला. आता सगळा उतरला, एका दमात. मग ते बाजूला राखलेलं बफर काढलं, दुसऱ्या फिल्टरने धरलेलं तेवढं तोलून त्यातून कमी केलं. त्याच्याने आधी वाटायची नळी विसळली, तेच पाणी तळाशी बसलेल्या चोथ्यावर घालून हलवलं, पुन्हा फिरवलं, आणि तेही त्याच फिल्टरमधून खाली घेतलं. सगळ्यात शेवटी, आधी जेमतेम तळ ओला करून गेलेला तो पहिला थेंबही त्यात मिळवला. टाकलं काहीच नाही.

पहिली मोजणी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या मोजणीला द्रव घेताना थोरलीने तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं. तिसरीही झाली. तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले, आणि ते एवढे मोठे होते की आधी दोघींना खरेच वाटेनात. म्हातारं कासव गंजाला शेवटपर्यंत पुरून उरलं होतं. थोरलीने यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून आकडे मोठ्याने वाचले. तिने प्लास्टरच्या हाताने डोळे पुसायला घेतले, प्लास्टर कपाळावर आपटलं, आणि दोघीही हसत सुटल्या. पलीकडच्या खोलीतून सर डोकावले. त्यांना वाटलं, फुटलं काहीतरी.

धाकटी आवराआवर करायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की नळीत अजून द्रव आहे. फार नाही, आणखी एक मोजणी होईल एवढा. तिने नळी थोरलीपुढे धरली आणि हे कुठे ठेवू असं विचारलं.

थोरलीने नळीकडे बघितलं. चार वर्षं ती एकेका थेंबासाठी झुरली होती, आणि आता हा थेंब जास्तीचा होता. मग तिने धाकटीची मूठ नळीभोवती मिटवली.

"हे तुझं."

"माझं म्हणजे?"

"म्हणजे तुझं. काय मोजायचं ते तू ठरव."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच सांगा ना ताई."

"मी सांगितलं तर ते माझंच होईल," थोरली म्हणाली.

लग्नात थोरलीने धाकटीला दागिने घातले होते, तेव्हाही तिला इतकं भरून आलं नव्हतं. तिने नळीवर खूण केली, दोन्ही हातांनी धरून ती फ्रीझरपर्यंत नेली आणि दार लावल्यावर पुन्हा उघडून बघितली.

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं की झालं का तुमचं कासव एकदाचं. थोरली म्हणाली, झालं, तिने केलं, आणि थोडं उरलंही, ते तिचं आहे. सगळ्यांचे घास थांबले. धाकट्याने बायकोकडे असं बघितलं जणू कुणी पाहुणी जेवायला बसली आहे. सासूबाईंनी साहजिकच पुढचं विचारलं, की मग उरलेल्याचं काय करणार?

हा प्रश्न धाकटीला होता, पण त्या घरात धाकटीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं थोरलीच द्यायची. आताही सवयीने तिचं तोंड उघडलं. तिला नक्कीच काहीतरी सुचलं होतं, चांगलंच सुचलं असणार. धाकटीही सवयीने तिच्याकडे वळून बघायला लागली. थोरलीने डाव्या हाताने ताटातला घास उचलला, तोंडात कोंबला आणि खाली मान घालून चावत राहिली.

"अजून ठरवतेय," धाकटी म्हणाली.